सखाराम गुरुजींची हृदयरोगतज्ज्ञ

‘वाडीची शान, हृदयरोगतज्ज्ञ डॉ. वेदिका यांचे हार्दिक स्वागत!’

एसटीतून उतरताच वेदिकाने बारा फुटी बॅनर वाचला. न्यायला आलेल्या सखाराम गुरुजींना तो छत्रीमागे लपवता आला असता, तर त्यांनी तेही केलं असतं.

“बाबा, हे काय?”

“मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने लावलाय,” गुरुजी म्हणाले. मंडळाला सांगितलं कोणी, ते त्यांनी गिळलं.

लेक संशोधक होती. फोनवर तिने नीट समजावलं होतं, “बाबा, रक्तवाहिन्या स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साईड तयार करतात. थोडं असलं तर नळी सैल होते, जास्त झालं तर तेच तिला जाळतं. कसं, ते मी उंदरांत शोधते.” गुरुजींना पेरॉक्साईड ठाऊक होतं ते शाळेतल्या पोरांच्या फुटक्या गुडघ्यावर ओतायचं, फसफसणारं. इतकी वर्षं शिकून पोरगी फेस बघते, हे देवळाच्या पारावर कुठल्या तोंडाने सांगायचं? ते म्हणाले, “हृदयाचं बघते.” पारावरून मुंबईला पोचेपर्यंत त्याचं तज्ज्ञ झालं.

घरी अंगणात अकरा माणसं पिशवीत ईसीजीचे कागद घेऊन बसलेली.

“मी माणसं तपासत नाही हो,” वेदिका ओशाळून म्हणाली. “मी उंदरांवर काम करते.”

त्यांतल्या रावजीने आपल्या कागदाची घडी घातली. “आमच्या माळ्यावर लय हायत. पन एकाच्याबी छातीत दुखत न्हाय.”

सगळे हसले. शेजारची तुळसाकाकी तेवढी हसली नाही.

“गुरुजी, रत्नागिरीच्या डॉक्टरची तारीख व्हती माजी. सोडली. म्हटलं, घरची पोर येतेय तर परक्याकडं कशाला? तीन आठवडे छाती धरून बसलंय मी.”

आपण पारावर मिरवलो आणि म्हातारी दुखणं काढत बसली, या विचाराने गुरुजींना मान वर करवेना. त्यांनी तिथूनच रिक्षा मागवली आणि काकीला, लेकीला घेऊन रत्नागिरी गाठली.

“एवढा उशीर का केलात?” रत्नागिरीच्या डॉक्टरने कागद बघून विचारलं. “थोडक्यात निभावलंय.”

काकी काही बोलण्याआधी गुरुजी वर्गातल्या पोरासारखे उभे राहिले. “माझ्यामुळे.” मग त्यांनी सगळं सांगितलं, पेरॉक्साईड, उंदीर, नळी सैल कशी होते, जळते कशी.

“इतकं बरोबर कळलं होतं तुम्हाला?” वेदिका हळूच म्हणाली. “मग पारावर हेच का नाही सांगितलंत?”

लेकीच्या कामाची लाज वाटली होती, हे गुरुजी तिला कसं सांगणार?

सहा दिवसांनी काकीला दवाखान्यातून घेऊन ते परतले. बॅनर तसाच होता. तो काढायला मंडळाची बैठक लागते, असं कळलं होतं. काकीला वाचता येत नव्हतं. तिने रिक्षातून मान बाहेर काढली.

“गुरुजी, काय लिवलंय वो त्याच्यावर?”

“माझं चुकलं, असं लिहिलंय.”

“एवढ्या मोट्या अक्षरात?”

“काकी,” गुरुजी म्हणाले, “चूक तेवढी होती.”