घर बघायला आलेला माणूस

बेकरीतली भट्टी बिघडली म्हणून दारिया निस्कानेन भर दुपारी घरी आली, तर एक अनोळखी माणूस तिच्या घराची भिंत मोजत होता. गळ्यात कॅमेरा, हातात वही. दारियाला बघून त्याने टोपी काढली.

"मी पेलेटियर. घर बघायला आलोय. तुमच्या यजमानांनी बोलावलंय."

"कशाला?"

"किंमत ठरवायला. बाकी काही सांगायची मला मनाई आहे, बाई."

दारियाचा नवरा आर्वो कॅनडातल्या थंडर बे शहरात सिटी बस चालवायचा. गेल्या हिवाळ्यात त्याला हृदयाचं मोठं दुखणं झालं, आणि तेव्हापासून डॉक्टरांनी त्याला अर्धीच पाळी करायला सांगितली होती. घर त्याने लग्नाआधी कर्ज काढून घेतलेलं, नावही त्याचं एकट्याचं. हल्ली तो गॅरेजमध्ये जाऊन हळू आवाजात फोन करायचा, आणि ती आत आली की गाडीचं तेल तपासल्यासारखं करायचा. आता सगळा उलगडा झाला. हप्ते झेपत नव्हते, म्हणून गडी घर विकायला निघाला होता. बायकोला घोर नको म्हणून एकटाच कुढत होता!

तिला राग आला नाही, उलट भरून आलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर या माणसाने सगळ्यात आधी विचारलं होतं, "तू जेवलीस का?" अशा माणसाचं घर ती विकू देणार होती होय!

"आत या ना," ती गोड आवाजात म्हणाली. "कॉफी घेणार? तळघर दाखवते. बूट मात्र काढू नका हं."

"का?"

"बर्फ वितळलं की पाणी भरतं. मागच्या खेपेला नवऱ्याच्या सपाता तरंगत जिन्यापर्यंत आल्या होत्या."

पेलेटियरने वहीत लिहिलं. "घर तापवायची भट्टी कशी आहे?"

"रात्री कण्हते. आम्हाला सवय झालीय, पण पाहुणे घाबरून उठतात."

"आणि छप्पर?"

दारियाने नुसताच मोठा उसासा सोडला. पेलेटियरने तोही लिहून घेतला.

"मागच्या अंगणात वाफेच्या अंघोळीची सौना दिसते..."

"आहे ना. पण जाण्याआधी टाळ्या वाजवा. अस्वल असतं कधीकधी."

पेलेटियरने उरलेली कॉफी उभ्यानेच संपवली. सौना त्याने खिडकीतूनच पाहिली.

त्या आठवड्यात दारिया मजेत होती. कामावर गाणी म्हणत होती. मग एका संध्याकाळी आर्वो घरी आला तो कोट न काढताच स्वयंपाकघरात बसला. ती वेलचीचा पाव ओव्हनमधून काढत होती.

"काय रे, तब्येत बरी आहे ना?"

"आहे. बँकेचा फोन आला होता. घराची किंमत फार कमी धरलीय. म्हणाले, आता काही जमणार नाही."

"बरं झालं!" दारिया म्हणाली. "आर्वो, मला सगळं कळलंय. हप्ता झेपत नसेल तर मी रविवारीही कामाला जाईन. पण हे घर आपण विकायचं नाही."

"विकतोय कोण?"

"तू! तो माणूस किंमत काढायला आला होता की!"

"अगं, घरावर तुझं नाव लावायचं होतं मला!" आर्वो ओरडलाच. "कर्ज आहे ना, त्यामुळे नाव घालायचं तर कागद नव्याने करावे लागतात. त्याआधी घराची किंमत बघतात. लग्नाच्या वाढदिवसाला तुला एकदम सांगणार होतो. उद्या मला काही झालं तर तू कुणाच्या दारात उभी राहू नयेस, म्हणून." मग तो थांबला. "दारिया, बँकेवाला अस्वलाचं काहीतरी विचारत होता. ते काय आहे?"

दारिया मटकन खुर्चीवर बसली. आधी तिला हसू फुटलं, मग हसता हसता रडू आलं, आणि दोन्ही थांबेनात.

"मी माझ्याच घराची बदनामी केली रे!"

"तुझं अजून झालं नव्हतं. तेवढीच पळवाट आहे," आर्वो म्हणाला, आणि पाठ थोपटता थोपटता त्याने गरम पावाचा तुकडा तोडून तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी उरलेला पाव रुमालात बांधून दारिया बँकेत गेली. तिथल्या मॅकआयव्हरसाहेबांपुढे तिने कबुलीजबाब दिला.

"तळघरातलं पाणी?"

"मीच नळ उघडा ठेवून गेले होते. एकदाच."

"कण्हणारी भट्टी?"

"तो आर्वो घोरतो."

"आणि अस्वल?"

दारिया जरा घुटमळली. "अस्वल खरं आहे. पण ते शेजाऱ्यांकडे येतं."

मॅकआयव्हरसाहेबांनी दुसरा माणूस पाठवायचं कबूल केलं. अट एकच, त्या वेळी बाईंनी घरी असायचं नाही. दारिया दिवसभर बहिणीकडे जाऊन बसली. घराला घराची किंमत मिळाली.

राहिली वकिलाकडची सही. वकील डनबारबाईंनी आर्वोला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"मला तुमच्याशी एकटीशी बोलायला हवं," त्या म्हणाल्या. "कुणाच्या दबावाखाली तर सही करत नाही ना?"

"छे हो."

"नीट ऐका. घर अर्धं मिळेल, पण कर्जाला तुम्ही पूर्ण बांधील व्हाल. यजमानांनी हप्ते थांबवले तर बँक तुमच्याकडे येईल. उद्या ते पळून गेले तरी फेडावं तुम्हालाच लागेल. हे सगळं कळतंय ना?"

दारियाने काचेच्या दारातून बाहेर पाहिलं. आर्वो दोघांचे कोट मांडीवर घेऊन बसला होता. निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा दाराकडे डोळे लावून. तिचे हातमोजे त्याने आपल्या हातमोज्यांच्या आत घालून गरम ठेवले होते.

"बाई," ती म्हणाली, "या माणसाला मला कळू न देता साधं घर देता आलं नाही. पळून काय जाणार?"

डनबारबाईंनी गंभीर राहायचा बराच प्रयत्न केला. मग पेन पुढे केलं.

दारियाने सही केली, आणि बाहेर येऊन नवऱ्यापुढे उभी राहिली. बोलायचं खूप होतं, पण आभार मानायची त्या दोघांना सवय नव्हती. तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.

"चला मालक."

"चला मालकीणबाई," आर्वो म्हणाला, आणि दार उघडून बाजूला उभा राहिला.