नन्नावरे सर आणि मधातला माणूस

मुलचेऱ्याच्या आमच्या कॉलेजात "प्राचार्यांनी बोलावलं" असं शिपायाने म्हटलं की सगळे लगबगीने उठतात. जीवशास्त्राचे नन्नावरे सर उठत नसत. चष्मा कपाळावर ढकलून ते चौकशी सुरू करत. "तुले खुद्द त्याईनं सांगतलं, का बाबूनं? शब्द कोणते होते? निरोप आणताना मधात कोन होतं?"

शिपाई वैतागायचा. "सर, येता का नाई तेवढं सांगा!"

एकदा आवारात वाघ आल्याची बोंब उठली. पोरं बाकांवर चढली. मी सरांचा प्रयोगशाळा सहायक; मी प्रयोगशाळेची कडी आतून लावून घेतली. सर मात्र एकेकाला विचारत फाटकापर्यंत गेले. पोरांना शिपायाने सांगितलं होतं, शिपायाला चहावाल्या बाईने, बाईला कुण्या ड्रायव्हरने. ड्रायव्हर म्हणाला होता, "वाघमारे येऊन राह्यले." ते तपासणीला येणारे साहेब होते!

"पाहा," सर मला म्हणाले, "मधातल्यानं घोळ केला."

पेशीचा धडाही ते असाच शिकवत. "'वाढ' असा निरोप घेऊन आलेला पाहुणा पेशीच्या आत येतच नाई. दारावरचं प्रोटीन त्याले धरते अन् आतल्याले जागं करते. ते पुढच्याले. शेवटचं केंद्रकात जाऊन जनुकाले सांगते. काम झालं का सगळ्याईनं चूप बसाचं. पण मधातलं एखादं बिघडलं, तर बाहेरून कोणी काई न सांगता ते 'वाढ, वाढ' करत राह्यते."

एवढं बोलून ते खडू खाली ठेवत आणि तास तिथेच संपवत. आम्ही म्हणायचो, नाटकी माणूस.

गेल्या वर्षी सर रोज दुपारी दोनला स्कूटर काढून गायब होऊ लागले. विचारलं तर उलट प्रश्न, "काऊन?" चोरून शिकवणी घेत असणार, असं आम्ही ठरवून टाकलं. एका दुपारी मी त्यांच्या मागे गेलो.

त्यांच्या घराच्या खिडकीतून शिकवण्याचाच आवाज येत होता. डोकावलो. भिंतीवर पेशीचं चित्र. खाटेवर एकच विद्यार्थिनी, त्यांच्या पत्नी रेखाबाई. सर चिमटीत गोळी धरून सांगत होते, "हे बिघडलेल्या प्रोटीनले जाऊन चिकटते. निरोप तिथीच अडते."

"पाठ झालं मले," बाई म्हणाल्या. "द्या आता ते गोळी."

मला पाहून सर दचकले. मी मान खाली घातली. बाईच हसल्या. "बसा भाऊ. मले फुप्फुसात कॅन्सरची गाठ हाये. याईचा डॉक्टरवर भरोसा नाई, गोळीवर बी नाई. पण दोनचा टाइम चुकवत नाई."

दोन महिन्यांनी सर नागपूरहून थेट कॉलेजात आले. तपासणीच्या अहवालाचं पाकीट माझ्यापुढे धरलं. "तुमी वाचा. माझे डोये बदमाश हायेत, पाह्यजे तेच वाचतीन."

गाठ निम्म्याहून लहान झाली होती. त्या ओळीखाली बोट ठेवून त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. मग व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"मले भेव लागते, हे तिले कधी सांगतलंच नाई," ते म्हणाले. "रोज प्रोटीनच शिकवत राह्यलो."

उठून ते स्कूटरपाशी गेले. किल्ली काही केल्या लागेना. मी ती त्यांच्या हातातून घेतली, तर एकही प्रश्न न विचारता मागे बसले. रस्ता खराब होता. त्यांचं घर येईपर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होता.