बाबांचं बाक आणि माझे शेअर

वॉशिंग मशीनऐवजी शेअर घ्यायचे, एवढाच माझा छोटासा निर्णय होता. मशीनचे पैसे बायकोने दोन वर्षं साठवलेले, म्हणून निर्णय मी एकट्यानेच घेतला. (चर्चेत उगाच वेळ जातो.)

"कसले शेअर?" ती चादर पिळत होती. माझ्याकडे बघून आणखी पिळायला लागली.

"चिप बनवणाऱ्या कंपनीचे. चिप म्हणजे यंत्राचा मेंदू."

"चला, घरात एक तरी आला."

मी शांतपणे समजावलं. चिपांचा तुटवडा पडला की भाव आभाळाला भिडतात. मग जो तो कारखाने काढतो, चिपांचे ढीग पडतात आणि भाव जमिनीवर. आपण जमिनीवर घ्यायचे, आभाळात विकायचे.

"आणि आभाळ आलं हे कळणार कसं?"

"बाबांच्या बाकावरून."

बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आमच्या घराखालीच. दाराशी गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक. शाळेतून आलो की मी त्या बाकाखाली बसून अभ्यास करायचो. वर लोकांचे पाय, आत सोल्डरचा वास, आणि बाबा एका डोळ्याला भिंग लावून बसलेले. चिपांचा तुटवडा असला की नवं सामान महाग, मग लोक जुनंच दुरुस्त करायचे. बाक भरलेलं, बाबा शीळ घालायचे. चिपा स्वस्त झाल्या की लोक जुनं फेकून नवं घ्यायचे. बाक रिकामं, आणि बाबा एकच रेडिओ दिवसभर पुसत बसायचे.

ते मला बघवायचं नाही. मग मी शेजाऱ्यांकडे खेळायला जायचो, त्यांच्या रेडिओचं मागचं झाकण उघडायचो आणि एक तार ओढून ठेवायचो. दुसऱ्या दिवशी बाक भरलेलं! (स्क्रू मात्र माझ्याकडून हरवायचे.)

तर सध्या बाकावर फक्त मांजर होतं. म्हणजे जमीन. मी शेअर घेतले.

तीन महिन्यांत भाव निम्मा झाला. बायको हाताने कपडे पिळत राहिली. त्या काळात माझे सगळे शर्ट गुडघ्यापर्यंत आले.

आणि एका सकाळी बघतो तर बाक खच्चून भरलेलं! मांडीवर रेडिओ घेतलेले सहा जण बसलेले, दोघं उभे. आठवडाभर तेच. म्हणजे आभाळ आलं! भाव निम्माच होता, पण भाव चुकू शकतो, बाक नाही. मी सगळे विकून टाकले आणि जेवताना जाहीर केलं.

बाबा म्हणाले, "अरे, पण ते रेडिओ..."

"बाबा, हे चक्र असतं. तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका."

पुढच्या सहा महिन्यांत त्या शेअरचा भाव चौपट झाला.

एका रविवारी बाबा ताटावर शांतपणे म्हणाले, "तेव्हा सतरा रेडिओ आले होते. सतराही ठणठणीत. फक्त एक तार ओढलेली."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी नाही हं!"

"माहीत आहे. तू असतास तर स्क्रू हरवले असते. हे सगळे घट्ट बसवलेले होते."

आई एकदम भात वाढायला लागली. मला तर भात नकोच होता.

"आई?"

"काय करू मग? हे दिवसभर मांजराशी बोलत बसायचे रे! तू लहानपणी करायचास तेच केलं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मलाही," बाबा म्हणाले. "चार वर्षं त्या रेडिओंना पदरचे स्क्रू लावलेत मी."

"आणि तरी शीळ घालायचात?"

"कुणीतरी आपल्यासाठी आख्ख्या गल्लीचे रेडिओ बिघडवतंय. मग मी शीळ नको घालू?"

मी पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी घरी वॉशिंग मशीन आलं. बाबांनी घेतलं होतं.

"एवढे पैसे कुठून आले?"

"तू शेअर विकलेस ना, त्याच दिवशी मी घेतले."

"कशावरून? बाक तर खोटं होतं!"

"बाकावर मी कधीच विश्वास ठेवला नाही," बाबा भिंग पुसत म्हणाले. "माझा सगळा अभ्यास तुझ्यावर आहे."

हल्ली बाक रोज सकाळी भरलेलं असतं. तेच सतरा शेजारी. रेडिओ कुणाच्याच हातात नसतो. मी कामाला निघालो की सगळे आदराने उठून उभे राहतात आणि विचारतात, "काय, आज काय विकताय?"