बाईंचं काही खरं नाही

सौदीतल्या यान्बूच्या एका प्लांटमध्ये कंट्रोल रूमचे सुपरवायझर असलेल्या रत्नाकर साळवींना अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मत नव्हतं. एवढी एक त्रुटी सोडली, तर त्या निवडणुकीचा सगळा भार त्यांच्यावरच होता. सकाळी एका चॅनलने उमेदवार बाईंना पुढे दाखवलं की साळवी दिवसभर प्रसन्न. संध्याकाळी दुसऱ्याने त्यांना दीड टक्का खाली आणलं की यांच्या घशाखाली भात उतरत नसे. (उतरायचा, पण कुरकुरत.) चिपळुणात आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे मात्र त्यांना विचारायची सोय नव्हती.

तो शुक्रवार होता, सुट्टीचा. त्यांच्या सासूबाईंचं, सत्यभामाबाईंचं, आदल्याच दिवशी चिपळुणात गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. सरोजने टॅबलेटवर व्हिडिओ कॉल लावला आणि तो नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"अहो, मी सुरमई तळून येते. तोवर आईशी बोलत बसा."

"काय बोलू?"

"तब्येत विचारा. माणसं विचारतात."

साळवींनी तब्येत विचारली. विषय संपला म्हणून पुन्हा एकदा विचारली. तेवढ्यात टीव्हीवर ताजा सर्व्हे झळकला आणि मोबाइल वाजला. रियाधहून यासीन होता. हा मूळचा दापोलीचा, तिथल्या अल मलाझ भागात त्याचं दुकान, आणि निवडणुकीत तो हटकून साळवींच्या विरुद्ध बाजूला. सासूबाईंचे डोळे मिटलेले बघून साळवींनी टॅबलेटचं एक बटण दाबलं आणि निर्धास्तपणे मोबाइल कानाला लावला. बटण कॅमेऱ्याचं होतं. आवाज चालूच राहिला. (प्लांटमधली शेकडो बटणं याच बोटांच्या भरवशावर आहेत; ते कंपनीने बघून घ्यावं.)

चिपळुणात पडदा काळा झाला आणि जावयाचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमू लागला.

"नाही रे, बाईंचं काही खरं नाही आता. आकडे रोज उतरतायत."

सरोजचा भाऊ वैभव खाटेशेजारी फोन धरून बसला होता. तो ताठ झाला. सकाळीच भावोजी डॉक्टरांशी वीस मिनिटं इंग्रजीत बोलले होते. त्यांना आतलं काहीतरी कळलं असणार!

"कालपर्यंत टवटवीत दिसत होत्या, मान्य. पण आतून सगळं पोखरलंय. आता एक पेनसिल्व्हेनियाच वाचवेल त्यांना. ते नाही मिळालं तर खलास!"

"पेनिसिलीन!" वैभव दबक्या आवाजात ओरडला आणि फोन खाटेवरच टाकून डॉक्टरांच्या खोलीकडे धावला.

"मंगळवारी निकाल. तोवर उगाच आशेवर ठेवतायत लोकांना," साळवी पुढे म्हणाले. "आणि खरं सांगू? गेल्या तरी आपलं काय अडणार आहे? आपल्याला बुधवारी ड्यूटी आहेच."

सत्यभामाबाईंनी डोळे उघडले.

पाच मिनिटांनी यान्बूच्या स्वयंपाकघरातून सरोजची किंकाळी आली. हातात झारा, कानाला फोन, डोळ्यांत पाणी, अशी ती बाहेर आली.

"अहो, आईला मंगळवारपर्यंतच वेळ आहे म्हणे! वैभव म्हणतो लगेच निघ. आणि डॉक्टर पेनिसिलीन द्यायला तयार नाहीत!"

"असं कोण म्हणालं?" साळवी दचकून उठले.

"तुम्ही!"

पुढची दहा मिनिटं साळवी टॅबलेटसमोर हात जोडून, पेनसिल्व्हेनिया हे औषध नाही, राज्य आहे, इथपासून अमेरिकेची राज्यपद्धती समजावत होते. अखेर डॉक्टरांनीच वॉर्डात येऊन सांगितलं, की आजी ठणठणीत आहेत, सोमवारी घरी जातील. सरोजने डोळे पुसले. सुरमई तोवर कोळसा झाली होती.

"चला, आई, गैरसमज होता, मिटला," साळवी घाम पुसत म्हणाले.

"तुमचा मिटला," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मंगळवारपर्यंतच आहे म्हटल्यावर मी मनातलं सगळं बोलून बसले ना! सरोजला देवरुखच्या दातांच्या डॉक्टरचं स्थळ आलं होतं. शांत मुलगा. त्याला सोडून तुम्हाला दिली, ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक, असं सांगितलं मी सगळ्यांना."

"मग आता मागे घ्या ना शब्द!"

"मरताना बोललेलं खोटं कसं असेल, जावईबापू? वॉर्डातल्या सगळ्या बायकांना पटलं. नर्सलासुद्धा."

"अहो, एका वॉर्डातल्या चार बायका म्हणजे काय सर्व्हे झाला?" साळवी उसळले. "सॅम्पल बघा किती लहान आहे! त्यांनी मला पाहिलेलंसुद्धा नाही!"

"ऐकलंय ना."

साळवी शेवटच्या आशेने बायकोकडे वळले. "सरोज, तू तरी सांग त्यांना. अठरा वर्षं झाली लग्नाला. तुझं मत काय?"

सरोजने झाऱ्यावरचा करपलेला तुकडा नीट निरखून पाहिला.

"माझं अजून ठरलेलं नाही," ती म्हणाली.