सेफ्टीसाहेबांनी गाडी उचलली

गाडी बायकोची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दोनशे नव्वद किलोची, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या असलेली, लांबच्या प्रवासाची मोटरसायकल. बायको ती अशी चालवायची, की बघणाऱ्याला वाटावं हिला वजनच नाही. नवरा ती फक्त पुसायचा, तेही हातभर लांब उभा राहून. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको चार मैत्रिणींबरोबर बारा दिवसांच्या प्रवासाला निघणार होती. त्यासाठी तिनं तीन वर्षं रजा साठवली होती. कामावर जाताना ती एवढंच म्हणाली, "चेनला तेल मी आल्यावर घालीन. तू गाडीला हात लावू नकोस."

असं सांगितल्यावर कोणताही नवरा जे करतो, तेच यानं करायचं ठरवलं.

हा गृहस्थ एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. सगळे त्याला सेफ्टीसाहेब म्हणत, घरीसुद्धा (घरी जरा वेगळ्या सुरात). 'वजन कसे उचलावे' या विषयावर तो एकोणीस वर्षं व्याख्यान देत होता. पाठ ताठ, गुडघे वाकलेले, वजन अंगाजवळ! प्रत्यक्षात त्यानं उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे त्या व्याख्यानाची फाइल. त्यातून मागच्या आठवड्यात गॅरेजचा मेकॅनिक चारचौघांत म्हणाला होता, "साहेब, तुम्ही जरा लांब थांबा. मॅडम, तुम्ही या." ते त्याच्या मनाला फार लागलं होतं.

काम अर्थातच नियमानं सुरू झालं. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, गाडीभोवती चारही बाजूंनी दोरी. दोरीला पुठ्ठ्याचा बोर्ड: 'धोक्याचे काम चालू आहे. सेफ्टी ऑफिसरच्या लेखी परवानगीशिवाय दोरी ओलांडू नये.' बोर्ड त्यानं दोनदा वाचला आणि त्याला बरं वाटलं. मोबाइल सुरक्षित जागी, म्हणजे लांब कट्ट्यावर ठेवला.

चेनला तेल घालायचं तर मागचं चाक अधांतरी फिरायला हवं. म्हणून त्यानं शेजारच्या वेल्डरकडून कारचा जॅक आणला, वर फळी टाकून इंजिनाखाली सरकवला, गाडी सरळ करून फळीवर टेकवली, बाजूचा स्टँड पायानं मिटला आणि पलीकडच्या बाजूला जाऊन जॅक फिरवू लागला. गाडी चार बोटं वर आली. याची छाती आठ बोटं फुगली. तेवढ्यात जॅक कलला आणि दोनशे नव्वद किलो शांतपणे त्याच्या अंगावर रेलले.

एक हात हँडलला, एक सीटला आणि कंबर टाकीला. गाडी थांबली, पण आता यालाही तिथेच थांबावं लागणार होतं. सोडली तर ती पडणार, आणि स्टँड राहिला पलीकडे.

"आई!" त्यानं सासूबाईंना हाक मारली.

सासूबाई आल्या. तीस वर्षं शाळेत मुख्याध्यापिका म्हणून काढलेल्या बाई. त्यांनी चष्मा लावला आणि आधी बोर्ड वाचला.

"लेखी परवानगी कोण देतं, जावईबापू?"

"मीच देतो! या आत!"

"मग द्या लेखी."

"अहो, हात अडकलेत माझे! तोंडी देतो!"

"'तोंडी परवानगी ग्राह्य नाही.' खाली बारीक अक्षरांत आहे. तुमचंच अक्षर."

एवढ्यात वेल्डर आपला जॅक न्यायला आला. तो त्याच कारखान्यात कामाला. सेफ्टीसाहेबाच्या जिवात जीव आला.

"अरे, ये लवकर! पलीकडून धर!"

वेल्डरनं बोर्ड वाचला आणि दोन पावलं मागे सरकला. "नको साहेब. मागं अशीच दोरी ओलांडली, तर तुम्ही मला तीन दिवस घरी बसवलंत."

"तो कारखाना होता!"

"तेव्हा तुम्ही म्हणालात, नियम सगळीकडे सारखाच."

सेफ्टीसाहेबाचे गुडघे आता दुखू लागले होते. (वाकलेले होते, नियमाप्रमाणे.) त्याला खरोखर भीती वाटली, आणि ती स्वतःच्या पायाची नव्हती.

"आई," तो हळूच म्हणाला, "ही पडली तर तिचं उद्याचं जाणं राहील हो."

सासूबाईंनी चष्मा काढला. "लेकीला फोन करते. फोनला परवानगी नको ना?"

बायको वीस मिनिटांत आली. तिनं बोर्ड वाचलाच नाही. दोरीखालून वाकून आत शिरली, पलीकडून हँडल धरलं आणि म्हणाली, "हळू ढकल माझ्याकडे." गाडी सरळ झाली. तिनं पायानं बाजूचा स्टँड लावला, जॅक बाहेर ओढला आणि इंजिनामागे बोट दाखवलं.

"हे काय आहे?"

"लोखंड."

"मधला स्टँड. गाडीबरोबरच येतो." तिनं हँडल सरळ धरलं, त्या स्टँडवर पाय ठेवला आणि सगळा भार टाकून उभी राहिली. गाडी मुकाट्यानं मागे सरकून वर चढली. मागचं चाक अधांतरी. "उचलायचं नसतं रे. यावर नुसतं उभं राहायचं."

ती रागावली नाही, हे त्याला जास्त लागलं. "चाक फिरव," ती म्हणाली. तो चाक फिरवत राहिला, ती तेल घालत राहिली. दहा मिनिटांत काम संपलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"पडू दिली नाहीस ना? बस झालं," ती म्हणाली. त्याला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं. त्या उत्साहात त्यानं दोरी सोडली, खाली पडलेला बोर्ड उचलायला झटकन वाकला, आणि पाठीत कट्‌कन आवाज झाला.

सकाळी बायको वेळेवर निघाली. त्यानं तिला पलंगावरूनच हात केला, तोही कोपरापर्यंतच. मग आजारपणाच्या रजेसाठी कारखान्याचा फॉर्म भरायला घेतला. तो त्यानंच तयार केला होता. 'उचललेले वजन' या रकान्यात त्यानं जरा विचार करून लिहिलं, दोनशे नव्वद किलो. खाली साक्षीदाराची सही लागत होती, म्हणून फॉर्म सासूबाईंकडे गेला.

सासूबाई आधी स्वयंपाकघरात गेल्या. तिथल्या वजनकाट्यावर त्यांनी पुठ्ठ्याचा बोर्ड ठेवला, आकडा पाहिला, मग लाल पेनानं दोनशे नव्वद किलो खोडून शेजारी लिहिलं, 'एकशे ऐंशी ग्रॅम', आणि सही केली.