इच्छुक, बैठक नववी

चार नंबरच्या टेबलावर सूप सव्वासातला गेलं आणि आठ वाजले तरी मासा स्वयंपाकघरातून बाहेर पडला नव्हता. यात कुणाची चूक नव्हती, तसा हुकूमच होता. हुकूम मामांचा. मामा म्हणजे त्या बार अँड रेस्टॉरंटमधले सव्वीस वर्षं जुने वेटर. मालक त्यांना मामा म्हणत, आचारी म्हणे, गिऱ्हाइकं तर म्हणतच. सख्खा भाचा मात्र एकही नव्हता. त्यामुळेच की काय, दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाची काळजी करायची त्यांना खोड लागली होती.

मामांच्या डोक्यात टेबलांचे नंबर राहत नसत, माणसं राहत. त्यामुळे ऑर्डरच्या चिठ्ठीवर ते नंबराऐवजी माणूसच लिहीत. 'दाढ' लिहिलं की आचारी समजे, हेडमास्तर आलेत, बटाटा मऊ शिजवायचा. 'भांडण' म्हणजे पोस्टातलं जोडपं. त्या दोघांची ताटं एकाच वेळी गेली पाहिजेत, नाहीतर "तुझं बरं नेहमी आधी येतं" इथून सुरुवात होऊन प्रकरण थेट सासरच्या माणसांवर जाई. आचारी चिठ्ठी वाचे आणि खिळ्याला टोचे. गिऱ्हाइकाच्या हातात पडे ते बिल मालक आपल्या वळणदार अक्षरात वेगळं लिहून देत. म्हणून सव्वीस वर्षांत हेडमास्तरांना आपण 'दाढ' आहोत याचा पत्ता लागला नव्हता.

सोमवारी मालकांच्या जावयाने ऑर्डरचं आणि बिलाचं मशीन आणलं. घरात आणि हॉटेलात सगळे त्याला जावईबापू म्हणत आणि या मानाला शोभेल असं काहीतरी करून दाखवावं असं त्याला लग्नापासून वाटत होतं.

"आता चिठ्ठी नाही आणि खिळा नाही," तो म्हणाला. "मामा, तुमच्या त्या जुन्या वह्या आणा. गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडी सगळ्या आत भरून टाकतो."

रोज रात्री हॉटेल बंद झाल्यावर मामा ज्यांत गिऱ्हाइकांबद्दल लिहून ठेवत, त्या नऊ वह्या त्यांनी कपाटातून काढून दिल्या. जावईबापूंनी तीन दिवस मान मोडून त्या टाइप केल्या. टाइप करणारा माणूस वाचत नसतो, तेव्हा त्यांनाही कुठे काही खटकलं नाही.

आता चार नंबरच्या टेबलाकडे वळू. तिथे रस्त्यापलीकडच्या दुकानातला चष्मेवाला बसला होता. वय एक्केचाळीस, धंद्यात चोख, स्वभावाने गरीब. मामांच्या वहीत त्याचं नाव 'इच्छुक'. लग्नासाठी सुचवलेल्या बायकांना भेटायला तो गेली चार वर्षं इथेच येई आणि याच टेबलावर बसे, कारण इथला उजेड डोळ्यांना बरा असं त्याचं धंद्यातलं मत होतं. आठ बैठका झाल्या होत्या. आठही वेळा गाडी फार तर माशापर्यंत आली आणि तिथेच अडली. या माणसाचं जमावं अशी मामांची इतकी इच्छा होती, की खुद्द स्वतःच्या लग्नाच्या वेळी त्यांचा जीव एवढा टांगणीला लागला नव्हता.

आज नववी बैठक. ती अडतीसची, औषधांच्या कंपनीत कामाला. औषधाच्या खोक्यात मुंगीएवढ्या अक्षरांचा, घड्या घातलेला जो कागद निघतो आणि जो जगात कुणीही वाचत नाही, तो शेवटपर्यंत वाचून चुका काढायच्या हे तिचं काम. आणि ही बाई सूप संपायच्या आत दोनदा हसली होती. मामांनी पहिलं हसू ऐकलं तेव्हा ते तसेच उभे राहिले. दुसरं ऐकल्यावर ते तडक मशीनपाशी गेले आणि एका बोटाने त्यांनी टाइप केलं, 'इच्छुक, बैठक नववी. लसूण नको. ही हसते. मासा सावकाश.'

आत आचाऱ्याने ते पडद्यावर वाचलं आणि गॅस बारीक केला.

"किती सावकाश?" त्याने खिडकीतून विचारलं.

"मी सांगेपर्यंत."

"मासा आहे तो मामा, मुरत घालता येत नाही."

"माणसं मुरतायत. जरा दम धर."

बाहेर चष्मेवाला अस्वस्थ झाला होता. "सॉरी हं. एवढा उशीर इथे कधी होत नाही."

"म्हणजे नेहमी येता इथे?"

"नेहमी असं काही नाही. जवळ पडतं."

ती पुन्हा हसली, आणि हसताना तिचा चष्मा नाकावरून घसरला. चष्मेवाल्याने खिशातून एवढासा स्क्रू-ड्रायव्हर काढला, तिचा चष्मा मागून घेतला, स्क्रू आवळला, काचा पुसल्या आणि परत दिला. कुठल्याही बैठकीत त्याने एवढं धाडस केलं नव्हतं. कोपऱ्यातून मामांनी ते पाहिलं आणि मग कुठे माशासाठी आत हात केला.

जेवण छान झालं. मासा उशिरा आला तरी उत्तम आला होता. मामा ताटं उचलायला आले तेव्हा ती म्हणाली, "मामा, बिल माझ्याकडे द्या. यांनी चष्मा दुरुस्त केलाय माझा."

मामांनी मशीनचं बटण दाबलं, बाहेर आलेला कागद बशीत ठेवला आणि बशी तिच्यापुढे सरकवली. कागदावर काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही. सव्वीस वर्षं बिल हे मालकांचं खातं होतं आणि दुसऱ्याच्या खात्यात नाक खुपसायची त्यांना सवय नव्हती.

दुसरं कुणी असतं तर खालचा आकडा बघून मोकळं झालं असतं. ही मात्र सवयीने पहिल्या अक्षरापासून वाचायला लागली. हॉटेलचं नाव, पत्ता, वेळ, टेबल क्रमांक. मग तिने चष्मा वर सरकवायला बोट नेलं. तो आता सरकत नव्हता, नको तितका घट्ट बसला होता आणि अक्षरं लख्ख दिसत होती.

"मामा, 'बैठक नववी' म्हणजे काय?"

मामांनी बशी सरळ केली. "ते... टेबलाचा नंबर, ताई."

"टेबल चार. वर लिहिलंय."

"मग नवव्या महिन्याचं काहीतरी असेल."

"आणि 'ही हसते'?"

मामांनी छताकडे पाहिलं. तिथून काही मदत आली नाही. "ती माशाची जात आहे," ते म्हणाले.

"हसणारा मासा?"

"दुर्मिळ असतो."

चष्मेवाल्याने हात लांब करून कागद घेतला, वाचला आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. 'इच्छुक' कोण हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो नुसताच पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिला. ते बघून मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गडबड पाहून मालक गल्ल्यावरून उठून आले. "काय झालं? हात्तिच्या, मशीन नवीन आहे हो. जावईबापू, ताईंना खालची ती बडबड काढून स्वच्छ बिल द्या."

जावईबापूंनी 'संपूर्ण' नावाचं बटण दाबलं. संपूर्ण म्हणजे नीटनेटकं, असा त्यांचा समज. मशीनने थोडा विचार केला आणि कागद बाहेर यायला लागला. वीतभर आला, हातभर आला, टेबलाच्या कडेवरून खाली लोंबायला लागला. 'इच्छुक' या नावाखाली वह्यांत जे जे होतं ते सगळं तारखेसकट बाहेर पडत होतं.

"अहो, थांबवा ते," मालक म्हणाले.

"थांबत नाहीये." जावईबापूंनी वायर उपटली. मशीनला आत बॅटरी होती आणि ती आजच पूर्ण चार्ज केलेली होती.

मामांनी पुढे होऊन कागद फाडायला हात घातला, तर दुसरं टोक तिच्या हातात.

"राहू द्या मामा," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "असले कागद वाचायचाच पगार मिळतो मला."

"मी निघतो," चष्मेवाला पुटपुटला.

"बसा."

तो बसला. ती हलक्या आवाजात वाचू लागली आणि बाकीचे शाळेतल्या पोरांसारखे उभे राहिले.

"'बैठक पहिली. हा अर्धा तास आधी आला. तीनदा खुर्ची बदलली. ती बोलत राहिली, हा ऐकत राहिला. याचं सूप गार. न सांगता गरम करून देणे.'" तिने कागद पुढे ओढला. "'तिसरी. ती याच्या दुकानाला टपरी म्हणाली. हा हसला. ती गेल्यावर मात्र ताटाला हात लावला नाही. मासा बांधून दिला.'"

चष्मेवाल्याने टेबलक्लॉथची घडी सरळ केली, मग परत वाकडी केली.

"'पाचवी. तिच्या आईला दिसत नाही, नोकरीमुळे न्यायला वेळ होत नाही असं बोलली. दोन दिवसांनी तिकडून नकार. तरी हा आईचे डोळे घरी जाऊन तपासून आला. चष्मा मी पोचवला.' 'सातवी. हिचं दुसऱ्यावर मन आहे. रडली. याने पाणी मागितलं, त्या मुलाला फोन लावायला सांगितला. तो आला. तिघांना मासा.'" ती थांबली. "तिघांना?"

"भूक लागली होती त्याला," चष्मेवाला अपराध्यासारखा म्हणाला. "धावत आला होता."

"पुढे काय झालं त्यांचं?"

"लग्न झालं. मुलगी आहे, दीड वर्षाची. फोटो पाठवतात अधूनमधून."

तिने मान डोलावली आणि शेवटचा तुकडा उजेडात धरला. "'आठवी. आलीच नाही. हा पावणेदोन तास बसला. ट्रॅफिक असेल म्हणाला. आचाऱ्याने न मागता आम्लेट पाठवलं.' मामा, आलीच नाही तर मग ती बैठक कशी धरलीत?"

"सूप दोन लावली होती, ताई."

चष्मेवाल्याने मान वर केली. "ते आम्लेट मुद्दाम पाठवलं होतं? मला वाटलं, उशीर झाला की सगळ्यांनाच देतात."

स्वयंपाकघराच्या खिडकीत आचारी उभा होता, तो एकदम आत गेला आणि नळ सोडून काहीतरी धुवायला लागला.

मामांना आता राहवलं नाही. "ताई, चूक माझी आहे. यांना यातलं काहीसुद्धा माहीत नव्हतं. कुणाला काय लागतं ते आत कळावं म्हणून आम्ही लिहितो, कुणाची चेष्टा करायला नाही. तुम्ही हसलात ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मीच मासा अडवून ठेवला. आता हे मोडलं तर माझ्यामुळे मोडलं असं होईल. मला ते सोसायचं नाही."

"आणि लसूण नको हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ती आपली आमची खबरदारी."

तिने तो दोन हात लांब कागद टेबलावर पसरला आणि त्याच्या घड्या घालायला सुरुवात केली. एकावर एक, काटेकोर, आगपेटीएवढा होईपर्यंत. मग तो तिने पर्समध्ये टाकला. मालक, जावईबापू आणि मामा तिच्या बोटांकडे बघत होते. चष्मेवाला बघत नव्हता. गेल्या चार वर्षांत 'कळवते' हा शब्द त्याने इतक्यांदा ऐकला होता, की तो यायच्या आधीच त्याला ऐकू यायला लागे.

"हे काही बरोबर नाही," ती म्हणाली.

"नाहीच," चष्मेवाला म्हणाला. "माफ करा."

"माझं ऐका तरी. तुमचं चार वर्षांचं सगळं मला तारीखवार कळलं. माझं तुम्हाला काय कळलं? मी कामाला कुठे जाते आणि माझा स्क्रू ढिला होता, एवढंच. मीही बऱ्याच जणांना भेटले आहे. पण मी जिथे जिथे बसले, तिथे कुणी काही लिहून ठेवलं नाही."

"मला काही माहिती नको तुमची."

"नको कशी? व्यवहार सारखा पाहिजे. माझी मोठी बहीण आहे. तिला माझं सगळं तोंडपाठ आहे, अगदी पहिलीत मी बाईंना चावले होते तिथपासून. उद्या चार वाजता चहाला या. ती काय सांगेल ते सगळं ऐकून घ्या, मग काय ते ठरवा."

चष्मेवाल्याला मागची दोन वाक्यं अजून पोचायची होती. मामांनी त्याच्या खांद्याला हळूच बोट लावलं, तसा तो भानावर आला.

"पण तिने तुमच्याबद्दल भलतंच काही सांगितलं तर?"

"सांगणारच," ती उठत म्हणाली. "म्हणून तर आजपर्यंत कुणाला तिच्याकडे नेलं नाही."