पडजीभ, कंठच्छद आणि उदेसिंग मास्तर

आपल्या घशात कोण कुठे राहतो याची माहिती नसलेला समाज फार दिवस टिकत नाही. प्रकाशा गाव या माहितीवाचून शेकडो वर्षे टिकले होते, ही नजरचूक समजावी. ती दुरुस्त करायला १९३४ साली उदेसिंग मास्तर ट्रेनिंग कॉलेजातून गावच्या शाळेवर परत आले.

कॉलेजात त्यांच्या हाती एक सत्य लागले होते. आ केल्यावर मागे लोंबताना दिसते ती पडजीभ. 'प' म्हणताना ती उठून नाकाची वाट अडवते. तिच्याखाली, कुणाला दिसत नाही तो कंठच्छद. घास गिळताना तो श्वासनलिकेवर झाकण घालतो. गावात मात्र घशाचे काहीही बिनसले की 'पडजीभ पडली', आणि इलाज तापीबाई. ती टाळूवरचे केस बोटाला गुंडाळून असा हिसका देई की 'चट' वाजे. वाजले की पडजीभ जागेवर. (न वाजल्यास पुन्हा.) मास्तरांना या अडाणीपणाची मनापासून लाज वाटे. लहानपणी त्यांचे स्वतःचे केस कितीदा वाजले, हे त्यांनी कॉलेजात कुणाला सांगितले नव्हते.

नोकरी कायम होणे डिप्टीसाहेबांच्या शेऱ्यावर होते. म्हणून साहेब तपासणीला आले त्या दिवशी मास्तरांनी पंगतीतच प्रात्यक्षिक योजले. भाकरीवर मिरचीचा ठेचा घेऊन घास तोंडात घातला आणि म्हणाले, "कंठच्छद एका वेळी एकच काम करतो. म्हणून जेवताना कधीही बोलू..."

ठेचा श्वासनलिकेत गेला. मास्तरांचे डोळे पांढरे झाले. आपण मरतो आहोत, आणि तेही स्वतःच्याच धड्यातल्या उदाहरणाने, या विचाराने ते खरोखर घाबरले.

भाकरी वाढणारी तापीबाई टोपले खाली ठेवून त्यांच्या मागे आली. "भाऊ, तुन्ही पडजीभ पडी गयी. मुंडी हालाडू नको."

पडजीभ नव्हे, कंठच्छद, असे मास्तरांनी हाताने सुचवून पाहिले. (तशी खूण अजून निघालेली नाही.) केसांना हिसका बसला, 'चट' वाजले, पाठीत कुणाचा तरी गुद्दा बसला आणि ठेचा साहेबांच्या कोटावर आला.

शेरा उत्तम पडला : 'स्थानिक उपचारांचे प्रात्यक्षिक प्रभावी.' मास्तर कायम झाले. पुढे घसा नुसता खवखवला तरी ते आपणहून तापीबाईपुढे मान वाकवत. आत नेमके कोण पडले आहे, हे तिला समजावण्याच्या भानगडीत ते पुन्हा पडले नाहीत.

वाचकहो, मास्तरांना हसलात, ठीक. आता वर न पाहता सांगा, त्या दिवशी झाकण कुणाचे चुकले? आणि मघापासून जीभ मागे वळवून तोंडात चाचपता आहात, ते कोण? आठवत नसेल तर हरकत नाही. टाळूवर केस शिल्लक आहेत ना, तेवढे बघून ठेवा.